करंगळीचा सूर

१० जून, सोमवार
काल लिहिलं ते चूक आहे. केर्चेव सर ओरडले नाहीत. हळूच बोलले होते, मला ओरडल्यासारखं वाटलं. माझ्या लांब बासरीवर, कवालवर, वेगाच्या तानेत खाली उतरताना मी सगळ्यात खालचा सूर न घेताच वर उडी मारली — आमच्याकडे मारतात तशी. सर म्हणाले, "करंगळी गावी विसरलीस का गं?" मी म्हटलं, "ही आमच्या घराची रीत आहे." "असेल. पण संगीत शाळेच्या प्रवेश परीक्षेला सगळे सूर लागतील. एकवीस तारखेला."
बाबांना हे खालच्या सुराचं अजून सांगितलेलं नाही.

११ जून
कोठारात कवाल घेऊन तीन तास. बाकीची बोटं पळतात, करंगळी मागून धापा टाकत येते. भोक नीट झाकत नाही, नुसती हवा फुसफुसते!

१३ जून, गुरुवार
रुसाना आत्या चेरी घेऊन आली. माझा सराव ऐकला. "हे खालचं काय नवीन?" सगळं सांगितलं, तर चेरीची बी थुंकून हसायलाच लागली.
"रीत कसली डोंबलाची! मेंढ्या कातरताना आमच्या बापाची करंगळी कात्रीत सापडली. पुढं ती वळलीच नाही. मग खालचा सूर घेणार कशानं?"
"आणि बाबा?"
"तो त्यानंतर जन्मलेला. बाप लंगडत चालला की पोरगंही लंगडतंच!"
"तू कधी बोलली नाहीस?"
"जत्रेत लोक नाच थांबवून त्याची उडी ऐकतात. मी कोण सांगणारी? तू सांग, शिकलीसवरलीस!"
बाबांची दहाही बोटं धड आहेत. छप्पन्न वर्षांचे आहेत. आता पंचक्रोशीतले सगळे तशीच उडी मारतात.

१५ जून
जेवताना बाबा म्हणाले, "कोठारात काय चाललंय?" "सराव." माझा हात ओढून बघितला. "बोटं इतकी वर उचलू नकोस. गव्हाच्या दाण्याएवढी उचल. वेग तिथंच असतो." मग पुन्हा सूप प्यायला लागले.
कसला सराव ते मी सांगितलं नाही. खोटं बोलले नाही, पण ते खोट्यासारखंच झालं.

१६ जून
दाण्याएवढी. खरंच जमतंय.

१८ जून, मंगळवार
पूर्ण तान, पूर्ण वेगात, नऊ वेळा बिनचूक. आनंद व्हायला हवा होता.
परीक्षेला बाबा येणार. नवा सदरा इस्त्री करून ठेवलाय. तिथं सगळ्यांसमोर पहिल्यांदाच ऐकतील, तर?

१९ जून, बुधवार
मेंढ्यांच्या वाड्यामागून कवाल ऐकू आला. बाबा. आमचीच तान, पण अगदी संथ. खालच्या सुराशी आले की नुसती हवा फुसफुसायची. थांबायचे. पुन्हा. पुन्हा. मी कुंपणाआड उभी होते, त्यांनी पाहिलं नाही.
परीक्षेपर्यंत थांबायचं नाही. उद्या, गुरुवार, वीस जून — मेंढ्या सोडायच्या आधी माझा कवाल घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसेन.