टॉवर उतरवायला आलेले तिघे

पळसतांडा, ता. दारव्हा, जि. यवतमाळ
दि. ११ मे २०२५, रविवार

चि. शीला,

जय सेवालाल. दादाचा आशीर्वाद. पुण्याले तू, जावईबापू अन् लहानगी समदे बरे असाल. इथलं कसं हाय ते लिहितो, बसून वाच.

तुनं पंधरा वेळा फोन केला, मी उचलला नाही. रागावू नको. पोलिसांनी तांड्यातल्या समद्या नंबरांचे कॉल काढले. कोन कोनाशी बोललं, कितीदा, किती मिनिटं, सारं त्याइच्या कागदावर हाय. म्हून मी बी कागदच घेतला. शाळा सुटल्यापासून असं काही लिहिलं नाही, अक्षराले हसू नको.

आपली याडी, माय आपली, अर्धी भाकर खाते अन् उठते. आपला लहाना भाऊ बादल यवतमाळच्या जेलात हाय, त्याच्यासंगं तांड्यातले अजून तीन पोट्टे. माहं ऑनलाईनचं दुकान बंद हाय. अन् गंमत पाह्य, टॉवर चालू हाय! पंचनामा झाला तवापासून त्याले कोनी हात लावाचा नाही असा हुकूम हाय. मोबाईलात रेंज अशी फुल की इचारू नको.

आधी मले तुह्याशी भांडू दे.

तुमच्या कंपनीनं आपला टॉवर बंद कराच्या यादीत टाकला कशावरून? तू म्हनली, वापर कमी हाय, डिसेंबर ते फेब्रुवारीचे आकडे पायले. अवं बाई, डिसेंबरात तांड्यात रायते कोन? अख्खा तांडा ऊसतोडीले जाते. तू सोता सात हिवाळे टोळीसंगं गेली, पाचटाच्या खोपीत बसून अभ्यास केला. तुले मालूम नाही? मागं उरतात म्हातारे, त्याइच्याजवळ बटनाचे फोन. साताऱ्याहून लेकाचा फोन येते, म्हातारी कानाले लावते, रडते, ठेवते. ते तुमच्या मोजनीत धरत नाही म्हने. इंटरनेट कोन किती ओढते तेवढंच धरते. मंग इथलं सामान काढून शहरात लावाचं, जिथी लोक दिवसभर व्हिडिओ पायतात. याले तुम्ही नेटवर्कची स्ट्रॅटेजी म्हनता. आग लागो त्या स्ट्रॅटेजीले! दुसऱ्या कोन्या साहेबानं केलं असतं तं मी शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पन त्या कागदावर सही तुही होती.

तरी सोमवारी, अठ्ठावीस तारखेले, तुनंच मले फोन केला. अकरा मिनिटं. "दादा, बुधवारी दुपारी तीन मानसं येतील, बॅटऱ्या अन् बाकी सामान उतरवतील. कोनाले सांगू नको, माही नोकरी जाईल. तू आपलं दुकानाचं दुसरीकडं काही पाह्य." मी हो म्हनलं.

होळीच्या आधी टॉवरच्या बॅटऱ्या दोनदा चोरीले गेल्या, हे तुले ठाऊकच हाय. कंपनीच्या मानसानं बजावलं होतं, तिसऱ्यांदा गेल्या तं टॉवर बंद. म्हून गुलाबसिंग नायकानं बैठक घेतली अन् पाळीपाळीनं राखन लावली. ऊसतोडीवरून परतलेले पोट्टे, हाताले काम नाही, कोयते घरी टांगलेले. तेच राखनीले बसत. बादल त्याइच्यात म्होरं.

बुधवारी ते तिघं आले. पांढरी पिकअप, ऊन रखरखत होतं, म्हून तिघांच्या बी तोंडाले दुपट्टे. कंपनीनं ना नायकाले कळवलं होतं, ना पोलीस पाटलाले. कळवलं तं लोक आडवे येतील, म्हून गुपचूप. पोट्ट्यांनी त्याइले चोर समजून मारलं. मी दुकानात होतो, गलका ऐकून धावलो, तवापर्यंत व्हायचं ते होऊन गेलतं. पोलिसांले मी असाच जबाब देला.

शीला, तो जबाब खोटा हाय.

मी सकाळपासून दुकानाच्या दारात बसून त्या गाडीचीच वाट पाहून राह्यलो होतो. पोट्टे निंबाखाली जेवत होते. त्या तिघांपैकी एक जन कुंपनाचं कुलूप तोडाले लागला, अन् मी उठलो. छाती भरून ओरडलो, "चोर! बॅटरीचोर आले रे!" मले वाटलं, पोट्टे दोन-चार झापडा मारतील, हाकलून देतील, अन् कंपनी वर्षभर इकडं फिरकनार नाही. एवढाच माहा बेत.

पोट्टे ताटावरून उठून धावले. दोघं पळाले. तिसरा कुंपनाच्या तारेत अडकला. पयला दगड त्याच्या कानावर बसला. मंग काठ्या. राखनीतल्या सेवादासनं पिकअपमधला लोखंडी पाना उचलला अन् त्याच्या गुडघ्यावर हानला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, अजून ऐकून राह्यलो. बाया आल्या, त्याइनं चपला हानल्या. तो तारेतून सुटाले पाहे अन् तार अजून आत घुसे. कोनीतरी त्याले केस धरून बाहेर ओढलं, तवा पाठीचं कातडं तारेलेच राह्यलं. तोंडावरचा दुपट्टा सुटला.

अन् मी त्याले ओळखलं. दारव्ह्याचा कय्युम, बॅटरीवाला. तांड्यात दुसरं कोनी त्याले ओळखत नाही. माह्या दुकानाचं इन्व्हर्टर त्यानंच बसवलं, बिघडलं की दारव्ह्याहून गाडीवर येऊन नीट करून जाय. माह्या घरी बसून तीनदा चहा पेला त्यानं. त्याचं दुकान चालत नव्हतं म्हून कंपनीच्या ठेकेदाराच्या कामावर आलता बिचारा.

त्यानं मले पायलं. तोंडात रगत, बोलता येत नव्हतं धड. "शामभाऊ, बताओ ना इन को. मले ओळखता ना तुम्ही."

पोट्टे थांबले, शीला. खरंच थांबले. बादल राखनीले आनलेला कोयता उलटा धरून उभा होता. त्यानं माह्याकडं पायलं अन् इचारलं, "दादा, ओळखतं का याले?"

मी म्हनलं, "नाही."

बादलनं कोयत्याची पाठ त्याच्या डोक्यात घातली. एकदा, अन् मंग परत एकदा. कय्युमनं चौथ्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात जीव सोडला.

काहून 'नाही' म्हनलं? ओळखतो म्हनलं असतं तं पोट्ट्यांनी इचारलं असतं, मंग तू चोर म्हून ओरडला काहून? तुहा फोन निघाला असता. पन तुले वाचवाले केलं असं म्हनन तं ते बी खोटंच. तांड्यासाठी? तांडा गेला उडत. माहं दुकान, अंगठा लावून पैसे काढाची माही मशीन, नायकापेक्षा माह्या दारात जास्त गर्दी, ती ऐट मले सोडाची नव्हती. त्याच्यापायी एक मानूस मारला.

आता यवतमाळात काही लोक याले हिंदू-मुसलमान करून राह्यले. बादलले तं त्या मानसाचं नाव बी ठाऊक नव्हतं. नाव मले ठाऊक होतं.

परवा दारव्ह्याले गेलतो, कय्युमच्या घरी. त्याच्या घरवालीनं, आयशाबीनं, मले पानी देलं. म्हनली, "शामभाऊ, तुम्ही तिथी असते तं त्याइले कोनी हात लावला नसता." मी तो गिलास तसाच ठेवून उठलो. हरामखोर हाय मी, दुसरा शब्द नाही.

तिथून बादलच्या भेटीले जेलात गेलो. त्याचं तोंड सुजलेलं, आत कोनीतरी मारलं. आपल्या हालाचं एक बोलला नाही. जाळीले तोंड लावून इचारलं, "दादा, वकील म्हनते तो चोर नव्हता. चोरच होता ना? तू सांग. तू म्हनशीन ते मी मानीन."

मी जाळीपासून मागं सरलो अन् निघून आलो.

उद्या सकाळी मी ठान्यात जातो अन् हे समदं सांगतो. पन माह्या एकट्याच्या बोलन्यावर कोन भरोसा ठेवीन? भाऊ भावाले सोडवाले खोटं बोलते म्हनतील. वकिलाले मी इचारून पायलं. तो म्हनला, ते कंपनीचे मानसं हाय हे तुले आधीच मालूम होतं, असं सांगनारा दुसरा मानूस पाहिजे. शीला, तो मानूस तूच हाय. तुही नोकरी जाईल. जावईबापू काय म्हनतील, मले ठाऊक नाही. बादल सुटनार नाही, मारलं त्यानंच. पन आपन चोर समजून मारलं हे त्याले कोर्टात म्हनता येईन, अन् कोनाच्या शब्दावर मारलं हे बी त्याले कळन.

याडीले मी अजून काही सांगतलं नाही. तू आली की सांगू, मले एकट्याच्यानं होनार नाही.

ये बाई. ठान्यातल्या साहेबासमोर उभी राय अन् माह्याकडं बोट दाखवून सांग, याले मालूम होतं. मी तुह्यावर रागावनार नाही.

तुहा मोठा भाऊ,
ज्यानं 'नाही' म्हनलं तो,
शाम