पडद्यावरचं नाव आणि जांभळा मफलर

रोम, १४ फेब्रुवारी १९६८

आदरणीय एर्मेलिंदाताईस,

धाकट्या एर्सिलियोचा तुला, तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना आणि आईला नमस्कार. तिचा खोकला कसा आहे? मी मजेत आहे, म्हणजे सोमवारपासून घशाखाली घास उतरलेला नाही.

अकरा वर्षांत मी सत्तावीस चित्रपटांना संगीत दिलं, आणि प्रत्येकावर नाव लागलं कुठल्यातरी अमेरिकी साहेबाचं (आपले घोडेस्वारांचे चित्रपट इटलीत बनतात हे कळलं, तर म्हणे तिकिटं खपत नाहीत). आई प्रत्येक चित्रपटाला जाते, वाचता येत नाही म्हणून पडद्यावर अक्षरं आली की तुला विचारते, “आलं का गं?” आणि तू बाई खरं सांगतेस. या वेळी निर्माते स्क्यावेत्ती यांनी माझं नाव घालायचं कबूल केलं होतं.

सोमवारी ध्वनिमुद्रण. थंडी मरणाची, म्हणून निघताना जिन्यातल्या अंधारात तुझं पार्सल फोडलं आणि मफलर गळ्यात गुंडाळला. मला तो काळा वाटला. स्टुडिओतल्या दिव्याखाली पाहतो तर जांभळा! (ताई, आमच्या धंद्यात जांभळा म्हणजे साक्षात साडेसाती. तुला कुठून ठाऊक असणार म्हणा!) ट्रम्पेटवाला गाल्वानो ओरडला, “अरे मेल्या, आमच्या मुळावर उठलास का?” आणि त्यानं समोरच्या लोखंडी स्टँडला हात लावला (लोखंडाला शिवलं की अपशकुन टळतो म्हणे). मग सगळ्यांनीच लावला. तेवढ्यात डोक्यावरचा दिवा फुटला. ठरलेला गायक जो पळाला, तो टोपीसुद्धा विसरला.

शेवटी मफलर रस्त्यावर ठेवून गाणं मीच गायलो. खरं सांगतो, इतकं चांगलं मी जन्मात गायलो नव्हतो. गाल्वानोचेही डोळे भरून आले (हात मात्र लोखंडावरच). स्क्यावेत्ती म्हणाले, “गाणं ठेवतो. पण तुझं नाव? थिएटरला आग लावू का माझ्या?” आता मला कुणी नावानं हाक मारत नाही, माझं नाव उच्चारणंही अपशकुनी म्हणून ‘तो’ म्हणतात. नावाचा निकाल शुक्रवारी. तू काळजी करू नकोस, ती मी करतोच आहे.

तुझा,
एर्सिलियो

ता. क. मफलर फार उबदार आहे. घरात घालतो, दार लावून.

आणखी एक. निकाल आजच लागला. पडद्यावर पुन्हा अमेरिकी साहेबाचंच नाव, या वेळी मी टेक्सासचा आहे. ईस्टरला चित्रपट आपल्या गावात येईल, तेव्हा आईला पुढच्या रांगेत बसव. अक्षरं आली की, तिथं काहीही लिहिलेलं असो, मोठ्यानं वाच: संगीत आणि गायन, एर्सिलियो ब्रागाल्दी. आसपास कुणी लोखंड शोधू लागलं तर शोधू दे. आईनं “आलं का गं?” म्हटलं की या वेळी हो म्हण. गाणं लागल्यावर तुला काही सांगावं लागणार नाही, आवाज ती ओळखेल.