पोलादरावाचं कासव

रविवार, २ नोव्हेंबर

सगळं बदललं ते सुखदा "मला सूट दे" म्हणाली तेव्हा.

चऱ्होली फाट्यावर, नेहमीच्या टपरीमागे. तिच्या हातातला चहा तसाच. डोळे भरलेले. "पुढच्या रविवारी बघायला येतायत. पप्पांनी मनातून पक्कंच केलंय. मुलगा हिंजवडीत आहे." मी तोंड उघडणार तोच — "मला सूट दे ना रे."

सूट! म्हणजे मोकळं कर. कॉलेज अर्धवट सोडून कार कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये कंत्राटावर राबणाऱ्या पोरापासून सुटका!

डोकं फिरलं. "दिली! जा, दिली सूट!" म्हणालो आणि गाडीला किक मारली. अशी बघत राहिली, जसं काही मी भलत्याच भाषेत बोललो.

तिचा नंबर ब्लॉक केला.

सोमवार, ३ नोव्हेंबर

फर्स्ट शिफ्ट. स्प्रे बूथमध्ये जायचा तो डोक्यापासून पायापर्यंतचा पांढरा सूट चढवला. समाधान ओरडला, "आले बघा पोलादराव! आज कुणाला वाचवायलाव?" निघोज्यात आम्ही एकाच खोलीत राहतो. भिंतीवरची माझी चित्रं बघून त्याने हे नाव उचललंय. रोज हसतो मी. आज त्याची कॉलर धरली.

"आरं सोड की! काय झालंय तुला?"

काय सांगू? पोलादराव आमच्या दोघांचा होता. आता कुणाचाच नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

काम करताना एकच गोष्ट डोक्यात — पोलादरावाचे सूट.

आकुर्डीच्या कॉलेजात जन्मला तो आमचा सुपरहीरो, एका कंटाळवाण्या तासाला. भोसरीतला साधा फिटर. पण संकट येईल तसा वेगळा सूट! गोष्ट तिची, चित्रं माझी. ड्रॉइंग शीटच्या पाठीमागे.

'भट्टी' — वितळलेल्या लोखंडातून चालत जातो. 'पाताळ' — इंद्रायणीच्या फेसाखाली श्वास घेता येतो. 'ढांग' — पाय इतके लांब होतात की चाकणच्या ट्रॅफिकवरून सरळ पलीकडे! हा काढला तेव्हा ती बाकावर डोकं टेकून हसली होती.

माझा लाडका 'भडका'. राग हेच त्याचं इंधन. जितका राग तितका जोर. फक्त आतला माणूस भाजतो. "हा तर तूच आहेस," म्हणायची. सरांच्या टेबलावर ड्रॉइंगचा ड्राफ्टर आपटून मी कॉलेज सोडलं, त्या दिवशीही तेच म्हणाली. त्या दिवशी हसली नाही.

तिचं लाडकं 'कासव'. शस्त्र नाही, उडणं नाही. एकदा पाय रोवले की कुणाच्या बापाला हलवता येत नाही! "मारायचं नाही, पळायचं नाही. नुसतं उभं राहायचं," म्हणायची. मला बोअर व्हायचं. तिच्यासाठी म्हणून काढलं होतं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

डबा तसाच परत आणला. भूकच नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

गाडीच्या दरवाजावर रंगाचे ओघळ आले. सुपरवायझर गणराज सर म्हणाले, "लक्ष कुठंय साहेब? स्वप्नात?" मी स्प्रे गन फेकली. भिंतीला लागली — त्यांना लागली असती तरी मला काही वाटलं नसतं, इतका हलकट झालोय. ते शांतपणे म्हणाले, "घरी जा. सोमवारी डोकं ठिकाणावर असलं तर ये."

खोलीवर आलो आणि भिंत साफ केली. भट्टी फाडला. पाताळ, ढांग — टराटरा! भडका तर चुरगाळून बादलीत.

कासवापाशी हात थांबला. का, माहीत नाही. लटकतंय एकटंच.

शनिवार, ८ नोव्हेंबर

उद्या ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येईल. मान खाली. सगळे गोड गोड बोलतील. संपलं.

समाधान म्हणतो, "चल भावा, गावाकडं जाऊन येऊ. माय भाकरी करील, चार घास जातील तुला." नको. कुठंच नको. ज्या पोरीला मी नकोय, तिच्याशिवाय दुसरं काही सुचतच नाही. लाज वाटते. पडून राहिलोय. उठायचं कशासाठी?

रविवार, ९ नोव्हेंबर

साक्षीचा फोन. सुखदाची मैत्रीण, आमच्याच वर्गातली. हॅलो नाही, काही नाही, सुरूच झाली —

"गाढवा, कासव मागत होती ती तुझ्याकडे! पप्पांसमोर उभं राहायला! रडता रडता गंमत केली बिचारीने. आणि तू काय म्हणालास? 'दिली'?"

तो सूट! ती सूट नव्हे!

'दिला' म्हणायचं होतं. एवढंच. मी 'दिली' म्हणून आलो.

"नाही म्हणणार होती ती. आता मला विचारते, कुणाच्या जिवावर म्हणू? पाहुणे वाटेत आहेत. तुझं तू बघ."

कासव भिंतीवरून सोडवलंय, कोपरे न फाडता. शर्टाच्या आत, छातीशी धरून नेतो. तिच्या घरी जाऊन मारायचं नाही, ओरडायचं नाही, पळायचं नाही.

निघतो. दार आपटणार नाही आज. हळूच ओढून घेतो.