कागूद कुठं हाय?

आये,

राजीनामा लिहून तयार आहे. आज सकाळीच तो साहेबांच्या टेबलावर ठेवायचा होता. ठेवला नाही, आणि त्याला कारण तू आहेस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझी दादागिरी काही संपत नाही. बरंच आहे म्हणा.

झालं असं, की पूर्वी माझ्याबरोबर काम करणारी एक मैत्रीण आता विमानतळाजवळच्या एका नव्या कंपनीत मोठ्या जागेवर आहे. तिने मला बोलावलं. "तुझी जागा पक्की समज. सोमवारपासून ये, लेटर मागाहून येईल." मी हुरळून हो म्हणून बसले. ह्यांचं काम बंद पडलंय, पोरीचं कॉलेज अर्ध्यावर आहे, घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं, आणि मी हातातली नोकरी सोडायला निघाले होते ती एका फोनवर.

तू तळोज्याच्या कारखान्यात कशी लागलीस ते मला आठवतं. हळदीच्या मांडवात. आपल्या गावात निम्म्या नोकऱ्या हळदीतच ठरायच्या. तुझा मामेभाऊ तेव्हा कारखान्यांना माणसं पुरवायचा. बेंजोच्या गोंगाटात तो तुझ्या कानाशी ओरडला, "बाय, उद्यापासून ये पॅकिंगला," आणि तू गेलीस. घरच्या माणसाकडे कागद मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं ठरवायचं. तसं कुणीच करत नसे. पुढे कितीतरी वर्षं तू डबा घेऊन जात राहिलीस. मग एक दिवस पिंप उलटलं आणि गरम रसायन तुझ्या पायावर सांडलं. दुसऱ्या दिवशी बाबा माझा हात धरून भरपाई मागायला कारखान्याच्या गेटवर गेले. वॉचमनने आत फोन लावला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "या नावाची बाई इथे कामाला नाही." मामाकडे गेलो तर तो म्हणतो, "मी कुठं ठेवली तिला? ती आपली येत होती मदतीला." बाबांनी घरी येऊन ते तुला सांगितलं तेव्हा तू पायाची पट्टी नीट करत बसलीस. मामाशी बोलणं काही टाकलं नाहीस. भाऊबीजेला पाट मांडलास, त्याला ओवाळलंस, पोटभर जेवायला घातलंस. तो गेल्यावर पाट उचलताना एवढंच म्हणालीस, "भाऊ भाऊबीजंला. कामाला शेट."

मला उलव्यात बिल्डरच्या ऑफिसात पहिली नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊनच घरात शिरले. तू तांदळाची भाकरी थापत होतीस. पेढ्यांकडे बघितलंही नाहीस.

"कागूद कुठं हाय?"

"मिळेल गं नंतर."

"मंग पेढं पन नंतर खाऊ."

दुसऱ्या दिवशी तू माझ्याबरोबर निघालीस. त्या चकचकीत ऑफिसात तू लंगडत शिरलीस आणि थेट साहेबांसमोरच्या खुर्चीत बसलीस. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. साहेब हसून म्हणाले, "मावशी, आमच्यावर विश्वास नाही का?"

"हाय ना. म्हनून तं पोर देते. पन तुमी उद्या दुसरीकडं गेलाव, तं मी इस्वास कुनाकडं मागू?"

साहेब जरा चिडले, पण लेटर टाइप झालं, सही झाली. तू मला ते तिथेच मोठ्याने वाचायला लावलंस. काम काय, पगार किती, काढायचं झालं तर किती दिवस आधी सांगणार. सगळं. आणि पुढे साहेब खरंच दुसरीकडे गेले. नव्या साहेबांनी एकेकीला बोलावून विचारलं, तुला कुणी घेतलं? मी लेटर पुढे केलं. माझ्या शेजारी बसणारी मुलगी माझ्यापेक्षा हुशार होती, पण तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. ती घरी गेली. मी आज जी काही उभी आहे ती त्या खुर्चीत बसलेल्या तुझ्यामुळे, आये. हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्यात तशी पद्धतच नव्हती.

आणि एवढं सगळं बघून मी पुन्हा भुललेच की! मैत्रिणीकडे कागद काय मागायचा, असंच मलाही वाटलं. शेवटी सकाळी राजीनामा पर्समध्ये टाकला आणि निघण्याआधी तिला फोन केला. मागायला जीभ रेटेना. मग म्हटलं, "लेटर आल्याशिवाय राजीनामा देऊ नको, असं आई म्हणते."

ती हसली. "आईंना सांग, काळजी करू नका." मग जरा थांबली. "खरं सांगू का, सरांनी अजून तुझ्या नावाला होकार दिलेला नाही. देतील गं. तू राजीनामा देऊन मोकळी हो, म्हणजे मलाही जोर लावता येईल."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला कळतं. ती नोकरी आता होईल की नाही, देव जाणे. पण माझी आहे ती शाबूत आहे. घरी आल्याबरोबर लिहायला बसले. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तरी लिहिते आहे, कारण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. तू गेलीस हे तिला ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही. "बघ ना, आईंना परत एकदा विचारून," ती म्हणाली. एवढी घोडी झालेली मी, फोन कानाला धरून विचारल्यासारखी गप्प राहिले, आणि म्हटलं, "नाय म्हणते."