लहान मुलांवरील भाजीबंदी पुन्हा लागू होणेबाबत

प्रति,
मा. तपासनीस साहेब,
शिशुकल्याण समिती, बदलापूर.

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : साहेबांची मंगळवारची भेट व त्या वेळचा आरडाओरडा.

महोदय,

अर्जदार धोंडिबा कान्हू शेलार, काडेपेटीच्या कारखान्यातून निवृत्त, हल्ली टेकडीवरच्या बालवाडीत पोरांना जेवण वाढतो. अर्ज करण्याचे कारण की,

१. बालवाडीत वरणभात संपे आणि भाजी जशीच्या तशी उरे. शिकवणाऱ्या उमाबाईंनी गाणी म्हटली. स्वयंपाकीण जनाबाईंनी गाजराचे मोर केले. पोरांनी मोर पाळले, खाल्ले नाहीत. अखेर अर्जदाराने उल्हासनगर कॅम्प एकमधून पाटी रंगवून आणली : 'लहान मुलांना भाजी खाण्यास सक्त मनाई. फक्त मोठ्या माणसांसाठी.' वाचता न येणाऱ्यांकरिता वांग्यावर लाल फुली. पेंटर जयदेव म्हणाला, "काका, दिमाग फिरला काय?"

२. दुसऱ्याच दिवशी चोऱ्या सुरू झाल्या. अर्जदार पाठ करून मुद्दाम खोकत बसे, तोवर पातेले साफ. चिमीने कारल्याच्या काचऱ्या फ्रॉकच्या खिशातून पळवल्या. एवढ्याशा भगवानने बकरीच्या तोंडातला पालक ओढून खाल्ला. बकरी तक्रार द्यायला चौकीकडे निघाली होती. अर्जदाराने तिला अर्ध्या वाटेतून समजूत घालून परत आणले.

३. मंगळवारी साहेब आले. "हा काय चावटपणा, म्हातारबा?" म्हणत डोळे वटारून पाटी जीपमध्ये टाकली आणि मुलांना गोड आवाजात सांगितले, "बाळांनो, भाजी खूप खा हं, छान असते!" त्या क्षणी सगळी तोंडे मिटली, ती अजून मिटलेलीच आहेत. जनाबाई उरलेले फेकू देत नाहीत. तेव्हापासून सगळ्यांचा दुधी अर्जदारच गिळतो आहे. त्याला स्वतःला दुधी जन्मात आवडलेला नाही, हे पोरांच्या लक्षात येऊ लागले आहे.

४. काल बाजारात साहेबांच्या घरच्या नीलिमावहिनी भेटल्या. म्हणाल्या, "धोंडिबाकाका, ती पाटी ओट्यावर टांगल्यापासून आमचा गुरुदत्त दोडका चोरून खातो हो!" ऐकून बरे वाटले.

सबब, पाटी आपल्याच स्वयंपाकघरात राहू द्यावी. लेकराच्या तोंडचा दोडका काढण्याचे पाप अर्जदाराला नको. मात्र बंदी चालवण्यास साहेबांनी रोज जेवणाच्या वेळी जातीने यावे, मंगळवारसारखेच डोळे वटारावेत आणि "भाजीला हात लावाल तर खबरदार!" असे दरडावून लगेच पाठ फिरवावी. लाल फुलीला पोरे एक वेळ सरावतील. साहेबांच्या चेहऱ्याला सरावणे कोणाला जमेल, असे अर्जदारास वाटत नाही.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
धोंडिबा कान्हू शेलार
बदलापूर, दि. १९ जानेवारी १९९१

सोबत : साहेबांसाठी पहाऱ्याची शिट्टी, एक नग.