आज पाड्यावर गेले नाही

मंगळवार, संध्याकाळ

लहानग्या सोनीचं वजन फार कमी, म्हणून गावची आशा कार्यकर्ती या नात्यानं पाच महिने रोज तिच्या पाड्यावर जातेय. आज मला ताप होता. गेलेच नाही. कॅलेंडरवरचा आजचा चौकोन रिकामा, सारखी नजर तिकडेच. एका दिवसानं काय बिघडतं? आणि बिघडलं असतं तर?

दुपारी सोनीला कडेवर घेऊन तिची आईच खोडाळ्याला माझ्या घरी चालत आली. "ताई, तुम्ही आल्या नाय, म्हणून मीच आली." मी ओशाळून वजनकाटा काढायला उठले. तिनं हात धरून बसवलं. "पोर बरी आहे. तुम्ही जेवल्या का?"

नव्हते जेवले. तिनं नागलीची पेज करून दिली. चौकोनात भेटीची खूण करावी का? नकोच.

जेवलीस का, हे तिला मी रोज विचारते. तिनं विचारल्यावर मला रडू का यावं?