विमानातला भंडारा

२८ जानेवारी

शी! आज परत तेच. खुरपायला बायका आलेल्या, कांद्याला पाणी सोडायचं राहिलंय, आणि हे बांधावर बसून मोबाईलमध्ये मालदीवचं हवामान बघतायत! इथं राजुरीवर ढग आलेत, कांद्यावर करपा पडेल का पडणार नाही — त्याचं काही नाही. म्हणे, "तिकडं वारं लई सुटलंय आज." सुटू दे ना! तिकडं काय आपली मेंढरं बसवलीत?

लेक आहे तिकडं, ते खरं. समृद्धी तिथल्या एका शेठच्या खासगी विमानावर दुसरी पायलट आहे. विमान छोटं, पाण्यावर उतरणारं. मुख्य पायलट एक गोरा. काल तिचा फोन — शेठ परदेशी गेलेत, विमान या बेटावरून त्या बेटावर रिकामंच फिरतंय, आईवडलांना बसवायला परवानगी मिळालीय. "आई, आत्ताच या. मार्चमध्ये माझी मुख्य पायलटची परीक्षा आहे, मग जमणार नाही."

मला नाही म्हणायचं होतं. पण हे फोन माझ्या हातातून ओढून घेऊन "येतो" म्हणून मोकळे! बेल्ह्याच्या बाजारात एका मेंढीसाठी अर्धा दिवस घासाघीस करणारा माणूस!

२ फेब्रुवारी

बॅग भरायला घेतली तर हे घोंगडी घेऊन उभे. "समुद्रावर गार लागंल." त्या घोंगडीला इतका वास, की विमानतळावरची कुत्री मागं लागतील! काढली बाहेर. परत घातली. परत काढली. जाऊबाई रुपाली दारात उभी राहून फिदीफिदी हसत होती. "हनिमूनला चाललाय जणू!" म्हणे. हिची जीभ कधी आवरणार, काय माहीत.

५ फेब्रुवारी, मालदीव

काय मेली ही जागा! खोली पाण्यावर, मधली जमीन काचेची, खाली मासे फिरतायत. न्हाणीला छप्परच नाही. वर बघावं तर आभाळ! मी लुगडं गुंडाळूनच आंघोळ केली. आणि जेवण? कच्चा मासा भातावर ठेवून दिला. कच्चा! शेजारच्या टेबलावरची बाई तोंडाचा आवाज करत खात होती. मी ताट सरकवून उठले. खोलीत येऊन शेंगदाण्याची चटणी आणि शिळी भाकरी खाल्ली, तेव्हा बरं वाटलं.

समृद्धी आली ती अर्ध्या चड्डीवर आणि अनवाणी. पायलट, अन् अनवाणी! गोराही तसाच. मी तोंड वाकडं केलं. ह्यांनी मात्र हात जोडले. "बघ, गाडीला पाय लागतो म्हणून चपला काढल्यात. देव मानत्यात गाडीला." म्हटलं, अहो, पाण्यातून चढउतार करावी लागते म्हणून. तर म्हणे, "तुला काय कळतंय?"

बरं. मला नाही कळत.

६ फेब्रुवारी

विमान बाजाराच्या टेम्पोएवढं. आवाज एवढा की कानात बोळे घालून बसायचं. पहिल्या बेटावरून उडालो आणि माझं पोट वर आलं. पिशवी भरली. दुसरीही भरली. मग जरा खाली बघवलं — निळ्या पाण्यात पांढऱ्या कडांची बेटं, तव्यात सुटून आलेल्या धिरड्यांसारखी. चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? मोजून पाच मिनिटं चांगलं होतं. मग परत पिशवी.

चार बेटं झाली. प्रत्येक बेटावर उतरताना हे माझा हात असा दाबायचे की बांगडी रुतली. पाण्यात घालायचं ते पिवळं जाकीट आधीच अंगात चढवून बसले. समृद्धी म्हणाली, "आबा, त्याची आता गरज नाही." तरी काढलं नाही. बिबट्या आला तर काठी घेऊन अंधारात पळणारा हा माणूस! गोऱ्यासमोर मला मान खाली घालावी लागली.

७ फेब्रुवारी

लिहवत नाही. पण लिहितेच.

सकाळी विमान पाण्यात उभं होतं. आम्ही मागं बसलो. पायलटच्या आणि आमच्या मध्ये दारबिर काही नाही, सगळं एकच. दोन्ही पंखे सुरू झाले, दोर सोडला, आणि हे उठले! कमरेला कुठंतरी पुडी बांधून आणली होती — घरचा भंडारा! "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणून मूठ उधळली ती सरळ पुढं! नवा ट्रॅक्टर आणल्यासारखी!

सगळं पिवळं. पुढच्या काचा, ती घड्याळं, गोऱ्याचे केस. गोऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत गेला. तो ओरडला, हात डोळ्यांवर. विमानाला पाण्यावर ब्रेक नसतो म्हणे — ते वाऱ्यानं चाललं खडकाकडं. समृद्धीनं एकटीनं पंखे आवरले, विमान वळवलं, होडी बोलावली, दोरानं ओढत नेलं. मान वळवून आमच्याकडं बघितलंही नाही.

हे उभेच. हात पिवळा.

किनाऱ्यावर साहेब लोक आले. इंग्रजीत काय काय बोलले. समृद्धी ताठ उभी, होडीत गोऱ्याचे डोळे धुतायत. मला इतकी किळस आली ह्यांची, इतकी, की त्यांच्या शेजारी उभं राहवेना. मी जाऊन टोकाला उभी राहिले.

८ फेब्रुवारी

विमान बंद. समृद्धीला कामावरून थांबवलं. मी ह्यांच्याशी बोलत नाही.

१३ फेब्रुवारी, राजुरी

घरी आलो तर वेशीवर फ्लेक्स! बाळासाहेब पंचायतीत निवडून आल्यापासून कुणी शिंकलं तरी फ्लेक्स लावतो. मी फोनवर सांगितलेलं रुपालीनं त्याला पोचवलं असणार. "सातासमुद्रापार भंडारा उधळणारे आपले लाडके दत्ताभाऊ!" ह्यांचा फोटो, बाजूला बाळासाहेबाचा त्याहून मोठा फोटो, गळ्यात साखळी. खाली अख्ख्या गावाची नावं.

बाळासाहेब हार घेऊन आला. "भाऊ, नाव काढलंत राव! विमानात येळकोट! आजवर कुणी केलं न्हाई!" मी म्हटलं, माझ्या लेकीची भाकरी चाललीय, आणि तुम्हाला हार सुचतायत? तो हसला. "वहिनी, देवाचं काम हाय, कुणाचं वाईट व्हत नाय."

वाटलं, ह्याच हारानं ह्याचं तोंड बांधावं. हे नको म्हणाले हाराला, तेवढंच. फ्लेक्स काढा म्हणाले नाहीत. मग मीच गेले, विळ्यानं फाडला. पोरं टाळ्या वाजवत होती. वाजवू देत.

१९ फेब्रुवारी

समृद्धीचा फोन. चौकशी लागलीय. परीक्षेचं नाव यादीतून काढलं. कदाचित घरी पाठवतील, आणि एकदा असं झालं की दुसरीकडंही कुणी घेत नाही. आवाज साधा ठेवला होता तिनं. पोर किती शिकली, कुठं कुठं राहिली, कुणाकुणाचं बोलणं खाल्लं — धनगराची पोर विमान चालवणार म्हणून ह्याच गावानं खिदळून घेतलं होतं. आणि सगळं एका मुठीत घालवलं. बापानंच!

रात्री विचारलं ह्यांना. एकदा तरी सांगा, का केलं? म्हणे, "हातून झालं." बस्स! जेवले नाहीत, मेंढरांकडं वाड्यावर जाऊन झोपले. झोपा! मला तोंड बघायचं नाही. ताटाला ताट लावून जेवायची इच्छा नाही. इतक्या वर्षांत असं वाटलं नव्हतं. आता वाटतंय, आणि लाजही वाटत नाही.

२६ फेब्रुवारी

आज बाजारात एकानं विचारलं, "मावशी, विमानात भंडारा चालतो का हो?" मी भाजीची पिशवी तिथंच टाकून घरी आले. हे तिकडंच मेंढरांच्या माणसांत उभे, कुणाशी बोलत नव्हते. फार बारीक झालेत. होऊ देत.

२ मार्च

आज चौकशी. फोन नाही.

५ मार्च

फोन आला. घेतलं कामावर! गोऱ्यानं सांगितलं, डोळे गेले असते, विमान गेलं असतं, पण हिनं वाचवलं. परीक्षा एप्रिलमध्ये. मी तिथंच रडले. मग म्हटलं, तुझ्या बापाला मात्र कधी माफ करणार नाही.

ती मग म्हणाली, "आई, आता सांगते. गेल्या पावसाळ्यात उतरताना आमचं विमान लाटेवर आपटून उलटं झालं होतं. पाण्याखालून दार उघडून बाहेर आले मी. फक्त आबांना कळवलं होतं. आईला सांगू नका म्हटलं, ती मला परत बोलावेल. आबांनी तेव्हाच खंडोबाला नवस बोलला होता, विमानात भंडारा उधळीन म्हणून."

बोलावलंच असतं मी. आजही तोंडावर आलं होतं — ये, बाई, ये घरी. पण म्हटलं नाही. जा, म्हटलं, उड.

एवढे दिवस हे एकटे भीत होते. आता दोघं भिऊ.